डबा उघडायचा नाही

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही, रात्री किती वाजता परत येणार हेही विचारलं नाही. ओट्यावर उभ्या उभ्या त्यांचा एकच प्रश्न होता.

"मॅडम, तुमचा कचरा तुमी किती दिवस उशाशी ठेवू शकता?"

मी सांगली जिल्ह्यातून आले होते. मोताळ्याजवळच्या त्या गावात ग्रामसेवक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मला वाटलं, ही वऱ्हाडातली म्हण असावी. मी हसून म्हणाले, "ठेवू की." त्यांनी लगेच किल्ली हातात दिली.

दुसऱ्या दिवशी कळलं की ती म्हण नव्हती, अट होती. भाजीपाल्याचा कचरा परसातल्या खड्ड्यात टाकायला हरकत नव्हती. पण प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, शाम्पूच्या पुड्या महिनाभर माझ्याच खाटेखाली टोपल्यात राहणार. महिनाअखेर ते स्वतः यायचे, टोपलं ओढून बघायचे, "केस लय धुता तुमी," म्हणायचे, आणि मगच ते भंगारवाल्याकडे जायचं.

"फेकून देनं म्हंजे काय मॅडम? दुसऱ्याच्या आंगनात नेऊन ठेवनं."

तिसऱ्या महिन्यापासून मी शिकेकाई वापरायला लागले.

सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं. उंच, वाळलेला देह, निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी अंगात खाकी पँट, आणि शर्टाच्या खिशात विजेचा टेस्टर. जन्मभर वायरमन होते. दिसेल त्या वस्तूला टेस्टर लावून बघायची त्यांना सवय होती. कूलर, ओली भिंत, बसचा दांडा. एका लग्नात तर आहेर देताना त्यांनी नवरदेवाच्या दंडाला टेस्टर लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "करंट नाई." नवरीकडची माणसं तीन दिवस विचार करत बसली होती म्हणे.

नोकरीची सुरुवातीची काही वर्षं त्यांनी एका औष्णिक वीज केंद्रावर काढली होती. तिथे त्यांचं काम राख वाहून नेणाऱ्या पाइपावर होतं. त्या राखेबद्दल ते फार बोलायचे नाहीत. कोणी लोडशेडिंगवरून वीज कंपनीला शिव्या घालायला लागलं की मात्र एवढंच म्हणायचे, "लाईट साऱ्यायले पाह्यजे. राख कोनाले पाह्यजे बे?"

त्यांच्या ओट्यावर एका बाजूला बंगई टांगलेली होती, लाकडी झोपाळा, आणि दुसऱ्या बाजूला खाट. कुठल्याही वादात काकाजी एका बाजूने बोलताना बंगईवर बसायचे आणि दुसऱ्या बाजूने बोलताना खाटेवर. वाद घालायला दुसरं माणूस लागायचंच असं नाही. पेपर वाचता वाचता बंगईवर एक वाक्य बोलायचे, उठून खाटेवर जायचे, स्वतःलाच खोडून काढायचे, परत बंगईवर. काकू, म्हणजे त्यांची बायको, चहाचा कप घेऊन दारात उभी राहायची आणि थकून विचारायची, "अवो, चहा कोनत्या बाजूले देऊ?"

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एक पांढरी गाडी गावच्या ई-क्लासवर आली. ई-क्लास म्हणजे गुरं चरायला सोडलेली सरकारी पडीक जमीन. गाडीतून तिघं उतरले, तीन पायांचं यंत्र रोवलं, तासभर डोळा लावून बघितलं आणि निघून गेले. यात्रा असो, निवडणूक असो, आमच्या गावात बातमी स्टँडवरच्या हॉटेलातच शिजते. सकाळी "रस्ता होणार," दुपारी "विमानतळ होणार," आणि संध्याकाळी भजी संपेपर्यंत अणुभट्टी येणार हे पक्कं झालं होतं.

सरपंच हरखून गेले. धिप्पाड, मोकळ्या मनाचा माणूस. त्यांनी गाडी गेलेल्या दिशेला नमस्कारसुद्धा केला. "मॅडम, गावाचं सोनं झालं! पोट्ट्यायले नोकऱ्या, चोवीस तास लाईट!"

ज्या वच्छलाबाईंच्या बकऱ्या त्या ई-क्लासवर चरायच्या त्या दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत येऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. सत्तरीची बाई, हातात काठी, आवाज असा की बाहेरच्या बकऱ्याही माना वर करायच्या.

"मॅडम, कायची भट्टी येऊन राह्यली म्हनते? दारूची असन तं सांगून ठेवतो, पयली काठी माही."

मी म्हणाले, "दारूची नाही. विजेची. पण अजून काहीच कागद आलेला नाही."

"कागद येवो का नाई येवो. माह्या बकऱ्या चरतीन कुठी?"

ओट्यावर तोपर्यंत काकाजींची बंगई आणि खाट यांच्यात जोरदार ये-जा सुरू झाली होती. बंगईवर: "कोयशाची राख धा गावायच्या छातीत बसते. म्या पाह्यली हाय. याची राख एवढुशी, डब्यात मावते!" उठून खाटेवर: "अन् पानी कुठून आनशीन? उन्हाळ्यात नळगंगा नदीच तहानेली राह्यते." बंगई: "धूर नाई, काजळी नाई." खाट: "डब्यात मावते, पन तो डबा राखाचा किती दिवस? तुह्या नातवाचे नातू मरून जातीन, तरी डबा तसाच." इथे ते बराच वेळ खाटेवरच बसून राहिले. काकूने कप तिथेच नेऊन दिला.

ग्रामसभा भरली तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला सरपंच आणि पुढे मागे नोकरी लागेल अशी आशा असलेले सगळे. दुसऱ्या बाजूला वच्छलाबाई आणि गुरं-बकऱ्यांवाले. तासभर नुसता गोंगाट चालला. मग काकाजी उठले आणि बोलता बोलता इकडून तिकडे, तिकडून इकडे चालायला लागले. लोकांना वाटलं, बुढ्याला बाथरूमला जायचंय आणि वाट सापडत नाही.

शेवटी ते मधोमध थांबले. पिशवीतून त्यांनी लग्नात लाडू भरून देतात तसा पत्र्याचा गोल डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. झाकणाची कड मेणाने बुजवलेली होती.

"याच्यात एक जिन्नस हाय," ते म्हणाले. "काय हाय ते इचाराचं नाई. डबा उघडाचा नाई. फक्त राखाचा. चाळीस दिवस. साऱ्या गावानं, पारीपारीनं. चाळीस दिवस एक डबा राखला तं मी स्वता म्हनीन, या गावाले भट्टी झेपते, बोलावा त्याईले. नाई राखला, तं कोनत्या तोंडानं हजारो वर्साचा डबा मांगता?"

मग सरपंच म्हणाले, "एवढंच? हे तं पोट्ट्याचं काम हाय!" वच्छलाबाई म्हणाल्या, "आन इकडे." दोन्ही बाजूंना आपणच जिंकणार असं वाटत होतं, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. मी तो लिहिला: 'सदर डबा चाळीस दिवस न उघडता सांभाळणेबाबत.' सरपंचांनी मेणावर आपला अंगठा उठवला.

आठवड्याने पंचायत समितीतून साहेबांचा फोन आला. "ठरावात हा डबा काय आहे? त्यात आहे काय?"

"सर, ते विचारायचं नाही असं ठरावातच आहे."

साहेबांनी ठरावाचा क्रमांक पुन्हा एकदा विचारून घेतला आणि फोन ठेवला.

डबा दिवसभर ग्रामपंचायतीच्या पडवीत स्टुलावर असायचा आणि संध्याकाळी माझ्या कपाटात. पारी दोन-दोन तासांची. माळीपुरा, पाटीलपुरा, बौद्धपुरा, सगळ्यांच्या चिठ्ठ्या काकाजींनी एकाच घमेल्यात टाकून काढल्या. सुरुवातीला लोक टिंगल करत बसायचे. पण बाजूच्या पुऱ्यातल्या माणसाने नीट राखला हे कळल्यावर आपणही नीट राखला पाहिजे, अशी चुरस लागली. कोणी खुर्ची आणली, कोणी माठ भरून ठेवला.

चौथ्या दिवशी वच्छलाबाईंची पारी होती. बकऱ्या सोडून येता येणार नाही म्हणून त्या बकऱ्या घेऊनच आल्या. डब्यावर मी टंकलिखित करून चिकटवलेला कागद होता, 'उघडू नका.' तो एका पाटीने, म्हणजे तरण्या बकरीने, शांतपणे खाल्ला.

काकाजी धावत आले. आधी त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांचे डोळे चमकायला लागले. "पाहा! पाहा मॅडम! चार दिवसात सूचना बकरीच्या पोटात! आता मांगून येनाऱ्यायले कोन सांगन का उघडू नका?"

यावर पडवीतच चर्चा झाली. विजेच्या खांबावर असते तशी कवटी काढू, असं एकाने सुचवलं. दुसरा म्हणाला, "शेंदूर लावा. शेंदूर लावला का कोनी हात लावत नाई."

"अरे शहान्या," काकाजी ओरडले, "शेंदूर लावला का लोकं जवय येतात, दूर नाई जात!"

ते खरं ठरलं. शेंदूर कोणीच लावला नाही, पण पुढच्या मंगळवारी डब्यासमोर एक नारळ आणि दोन उदबत्त्या दिसल्या. मग एक बाई मोताळ्याच्या बाजाराहून परत येताना वाट वाकडी करून आली आणि सुनेला दिवस राहू देत म्हणून डब्याला पाच फेऱ्या मारून गेली. शेवटी मला शिक्का मारून नोटीस लावावी लागली: 'हे देवस्थान नाही.' नोटिशीलाही दुसऱ्या दिवशी कोणीतरी हळद-कुंकू वाहिलेलं होतं.

असे पस्तीसएक दिवस गेले. ऊन भाजून काढत होतं. एके दिवशी दुपारी मी जेवायला घरी आले तर परसात काकाजी उघडे बसलेले आणि काकू त्यांच्या हातांना, छातीला ओलं शेण चोळत होती.

"काय झालं काकाजी?"

"घामोया," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

काकू शेण जरा जास्तच जोरात चोळायला लागली. पुढचे पाच-सहा दिवस काकाजी त्या उन्हात पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून फिरत होते, आणि ना बंगईवर बसत होते, ना खाटेवर.

चाळीसाव्या दिवशी हॉल पुन्हा गच्च भरला. शेवटची पारी वच्छलाबाईंची होती. त्यांनीच डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला. सरपंच मोठ्या थाटात मेणावरचा अंगठा बघायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"हा अंगठा माहा नोय."

त्यांच्या अंगठ्यावर विळा लागल्याची आडवी खूण होती. मेणावरच्या ठशात ती नव्हती. कोणीतरी डबा उघडला होता आणि पुन्हा मेण लावून आपला अंगठा उठवला होता.

मग जे सुरू झालं ते आठवलं की अजूनही बरं वाटत नाही. चाळीस दिवस एकमेकांना पाणी विचारणारी माणसं एका क्षणात आपापल्या पुऱ्यात जाऊन उभी राहिली. "तुमच्या पारीले काय झालं ते आमाले माईत हाय." "तोंड सांभायून बोल बे!" आणि कोणीतरी मागून म्हणालं, "शेवटची पारी कोनाची होती? भट्टी कोनाले नको होती?"

सगळ्यांची तोंडं वच्छलाबाईंकडे वळली.

त्या उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "म्या उघडला असन," त्या हळूच म्हणाल्या, "तं माह्या साऱ्या बकऱ्या मरतीन." आणि त्यांनी पदराने तोंड पुसलं.

काकाजी पहिल्या रांगेत बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले, बसले, पुन्हा उठले. स्वेटरच्या आत हात घालून खाजवलं.

"मी उघडला," ते म्हणाले.

कोणाला ऐकूच गेलं नाही. मग ते ओरडले, "अरे मी उघडला बे! चौतिसाव्या दिवशी, माह्या पारीले! काऊन मांगं लागता तिच्या?"

सरपंच म्हणाले, "तुमी? डबा तं तुमचाच, काकाजी. काऊन उघडला?"

"मले भरोसा नोता," काकाजी म्हणाले. "चौतीस दिवस झाले, मले वाटलं, कोनी तं उघडलाच असन. आपलं गाव मले मालूम नाई काय? मंग म्हटलं पाहून घ्याव. पाह्यलं, तं अंगठा सरपंचाचाच होता. जसाच्या तसा. तुमी सारे पास होते. तरी मन मानेना, अन् आत पाहाच्या नादात म्या उघडून बसलो."

कोणीतरी खुसकन हसलं. मग दुसरं. मग सगळा हॉल हसायला लागला, पाटीलपुरा, माळीपुरा, बौद्धपुरा, सगळे. वच्छलाबाई मात्र हसल्या नाहीत.

"पन आत हाय काय?" सरपंचांनी विचारलं, आणि काकाजी तोंड उघडायच्या आत त्यांनी झाकणाला नख घातलं.

"पंखा!" काकाजी किंचाळले. "पंखा बंद करा!"

डब्यात खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगा होत्या. त्यांची सोनेरी लव बारीक पावडरीसारखी उडते आणि अंगाला लागली की माणूस कपडे फाडतो. टेबलाच्या बरोबर वर पंखा होता. काकाजी बटणाकडे झेपावले, पण मधे शंभर माणसं. एरवी तासातासाला जाणारी आमच्या गावची लाईट त्या दिवशी काही केल्या जाईना.

आधी सरपंच नाचले. मग पहिली रांग, मग दुसरी. मी टेबलालाच खेटून होते, त्यामुळे सगळ्यात जास्त वाटा मला मिळाला. तशा अवस्थेत मी इतिवृत्तात लिहिलं, 'उपस्थितांच्या अंगास अचानक खाज सुटल्याने सभा तहकूब करण्यात येत आहे. सूचक: सर्व. अनुमोदक: सर्व.' ते पान आजही दप्तरात आहे. अक्षर माझंच आहे, पण ओळखू येत नाही.

शेणाशिवाय त्याला उतारा नाही, म्हणून सगळं गाव जवळच्या गोठ्याकडे पळालं. त्या दुपारी कोण कोणाच्या पाठीला शेण चोळतंय हे कोणी बघितलं नाही. माझ्या पाठीला वच्छलाबाईंनी चोळलं. चांगलं खरवडून.

दोनच दिवसांनी ती पांढरी गाडी परत आली. माझ्या हाताला अजून खाज होती. मी सरळ जाऊन विचारलं. ते रस्त्याच्या रुंदीकरणाची मोजणी करणारे होते, आणि तीही आमच्या गावची नव्हे. आमच्याच नावाचं एक गाव दुसऱ्या तालुक्यात आहे, तिथे त्यांना जायचं होतं. मागे चुकून इकडे आले होते आणि आता यंत्राची तेव्हा राहून गेलेली एक खुंटी न्यायला आले होते. सरपंच दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

"मंग आपून कायले खाजवलं एवढं?" काकाजींना हॉटेलात कोणीतरी विचारलं.

पण तहकूब झालेली सभा पुन्हा घ्यायलाच हवी, असा हट्ट काकाजींनीच धरला. "आज नाई आली, उद्या येईन. भट्टी नाई तं दुसरं कायी येईन." सभेला ते सगळ्यात मागे बसले. सरपंचांनी ठराव मांडला: या गावात कोणालाही काहीही मोठं आणायचं असेल, तर त्याचा कचरा कुठे ठेवणार आणि तो कोण राखणार, हे आधी ग्रामसभेत सांगावं. मी लिहीत होते, तेवढ्यात वच्छलाबाई उभ्या राहिल्या.

"अजून एक लेहा मॅडम. राखनदाराले कोन राखीन, तेबी सांगाव."

सगळ्यांनी मागे वळून काकाजींकडे पाहिलं. त्यांनीच सगळ्यात आधी हात वर केला.

वच्छलाबाईंची माफी मागायला काकाजी खाज सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले होते. बाईंनी शब्दांची माफी घेतली नाही. आठ दिवस बकऱ्या चारायच्या, अशी शिक्षा दिली. ग्रामपंचायतीने ई-क्लासवर लावलेली रोपं किती जगली ते बघायला मी गेले, तेव्हा काकाजी खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, काठी घेऊन बकऱ्यांच्या मधे उभे होते. वच्छलाबाई लिंबाखाली पाय पसरून त्यांच्यावर नजर ठेवून बसल्या होत्या.

मला कधीचं विचारायचं होतं ते मी विचारलं. "काकाजी, भट्टी खरंच आली असती तर? हो म्हणाला असता की नाही?"

त्यांनी काठीने एका बकरीला मागे वळवलं.

"मले नाई मालूम मॅडम," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. "लाईट तं पाह्यजे. कोयशाचं पाप नको. अन् माह्यासारखा मानूस राखनदार असन, तं ते भट्टीबी नको. आता माह्याहून बरा मानूस शोधाव म्हटलं, तं या पंचक्रोशीत मले कोनी दिसत नाई."

"काकाजी!" लिंबाखालून हाक आली. "गोठी कमी करा! बकऱ्या गेल्या भुईमुगात!"

बांधापलीकडे कोणाचा तरी उन्हाळी भुईमूग होता. काकाजी काठी उंचावून धावले. त्या वयात माणूस इतकं धावू शकतं हे मला माहीत नव्हतं. आरडाओरडा झाला, धूळ उडाली, आणि थोड्या वेळाने एकामागून एक बकऱ्या तोंडं हलवत परत आल्या. वच्छलाबाईंनी बसल्या जागी मोजल्या.

"बकऱ्या तं साऱ्या आल्या," त्या मला म्हणाल्या. "काकाजी कुठी गेले?"

आम्ही बांधावर जाऊन पाहिलं. काकाजी भर उन्हात शेतात उकिडवे बसले होते. बकऱ्यांनी उपटून टाकलेली भुईमुगाची झाडं गोळा करून, ती एकेक करून परत मातीत रोवत होते आणि भोवतीची माती अंगठ्याने दाबत होते.

"लागतीन काय हो ते आता?" वच्छलाबाईंनी वरून विचारलं.

"नाई लागत," काकाजी म्हणाले आणि त्यांनी पुढचं झाड उचललं.

वच्छलाबाईंनी काठी बांधावर आडवी ठेवली आणि त्या खाली उतरल्या.